जोर

गुरुवारी सात वाजता, हलच्या वाचनालयावरच्या खोलीत
मिसेस ऑक्सटोबी हीटर लावतात
आणि फळ्यावर दोन रकाने आखतात.
डावीकडे नाम, उजवीकडे क्रियापद.
"आधी 'द' आला की नाम. 'टू' आला की बहुधा क्रियापद. सोपं आहे,"
म्हणतात, आणि स्वतःच हसतात,
कारण तेवीस वर्षांत कुणालाच सोपं गेलेलं नाही.

रेबवार न्हाव्याचा 'कोम' दोन्हीकडे जातो. 'कट'ही.
"म्हणजे कंगवा टेबलावर पडलाय तोवर नाम,
केसांत शिरला की क्रियापद?"
मिसेस ऑक्सटोबींचा पेन हवेत थांबतो.
"जवळजवळ."

यूर्गिता दिवसभर हॅडॉकचे काटे काढून आलेली,
तिला रागच येतो.
हात 'हँड' करतो, खांदा 'शोल्डर' करतो,
तोंडसुद्धा गप्प बसत नाही, 'फेस' करतं!
"आमच्याकडे शब्दाचं शेपूट पाहिलं की कळतं तो कोण.
इथे सगळ्यांची शेपटं छाटलेली,
आमच्या पट्ट्यावरच्या माशांसारखी."

हब्तोम बोलत नाही.
पहाटे पाचपासून तो कौन्सिलच्या लॉरीमागे धावतो.
लॉरीच्या अंगावर सहा अक्षरं,
पहिल्याच आठवड्यात पाठ झालेली.
आज तो वहीतून घडी घातलेलं पत्र काढतो.
दुसऱ्या ओळीत तीच सहा,
शेवटी एक 'डी' चिकटलेला.
"टीचर, माझ्या बायकोच्या अर्जाला
हे लोक कचरा का म्हणतात?"

मिसेस ऑक्सटोबी पत्र वाचतात. मग पुन्हा वाचतात,
व्याकरणाला लागतो त्याहून जास्त वेळ.
"हा तो शब्द नाही. नुसता दिसतो तसा.
रेफ्यूस, जोर आधी: नाम, कचरा.
रिफ्यूझ, जोर नंतर: क्रियापद. नाही म्हणणं."
बोटाने टेबलावर ठोकून दाखवतात,
ठक्-टिक. टिक्-ठक.
सगळे ठोकतात. रेबवारचं चुकतं.

"क्रियापद आहे, तर केलं कोणी?"
हब्तोम अजून पत्राकडेच बघतोय.
"माझ्या भाषेत ते सगळ्यात शेवटी येतं,
वाट पाहायला लावतं,
पण आलं की सांगतं: तो, की ती, की ते सगळे.
इथे कोण आहे?"

त्यांचं बोट ओळीवरून सरकतं.
अर्ज नाकारण्यात आला आहे.
टोकाला जाऊन परत येतं.
"कोणी नाही," त्या म्हणतात. "ते असंच लिहितात."

मग फळ्याशी जाऊन
दोन रकान्यांमधली रेघ तळहाताने पुसतात
आणि त्या जागी लिहितात: अपील.

"द अपील?" हब्तोम विचारतो. "की टू अपील?"
"दोन्ही."
"जोर?"
"तिथेच. दोन्ही वेळा तिथेच."

वर्ग साडेआठला सुटतो.
पावणेनऊला यूर्गिता खुर्ची त्याच्या बाजूला ओढते,
मिसेस ऑक्सटोबी अंगात घातलेला कोट पुन्हा काढतात
आणि पत्रावर तारीख शोधू लागतात.