डाव

बिल्किस हमदुले यांनी आणलेलं गाठोडं
मी बॅलार्ड इस्टेटच्या टेबलावर सोडलं.
विटक्या चौकड्याच्या लुंगीत पाच डाव:
मुठीशी चांदी, तोंडाशी शिंपला,
दांड्यावर काळ्या मिन्यात एक ओळ
जी मला वाचता येत नाही.
“बरकत,” त्या म्हणाल्या. “पुढचं झिजलंय.”

पणजोबा सारंग होते, हाजींच्या बोटीवर.
डाव बसऱ्याचे की जेद्द्याचे
यावर घरात दोन तट,
आणि दोन्ही तट आता
माझगावच्या खोल्यांच्या वाटणीवर आलेत.

मी नोंदवही उघडली.
वजन. लांबी. काळ, अंदाजे.
शिंपला खिडकीकडे धरला:
गुलाबी, मग हिरवट,
मग ढग आला आणि नुसतं हाड.

“शरबत यानेच वाढायचं.
चांदी आंबटाने काळी पडते.
शिंपल्याने अख्खा समुद्र चाखलाय,
लिंबाचं काय कौतुक त्याला!”

चार डावांची कड डावीकडे झिजलेली,
म्हणजे ते उजव्या हातांचे.
पाचवा उलटा.
आमच्या भाषेत डाव आणि डावा
यांत एका कान्याचं अंतर.

“हा कुणाचा?”
“पणजीचा. दस्तरखानावर ती
उजव्या हाताने वाढायची, सांडत सांडत.
हा आतला. पातेलं खरवडायचा.
दार लोटून.”

मनगटावर आत्याच्या पळीचा चटका
मला तिथेच, त्या टेबलाशी आठवला.
श्राद्धाची पंगत होती. मी मीठ वाढत होते.

पण ‘दोष’ नावाचा रकाना असतो,
तो रिकामा सोडता येत नाही.
मी लिहिलं: असमान झीज.
आणि जे खरं तेच सांगितलं,
की एकसारख्या चारांना
पाचांपेक्षा जास्त भाव येईल.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
पाचवा डाव उचलला,
चष्म्याच्या घरात घालून पाहिला,
मावला नाही. मग पर्समध्ये,
किल्ल्या आणि विजेच्या बिलाशेजारी,
मूठ बाहेर डोकावत राहिली.
लुंगी तेवढी विसरल्या.

पाचाचे चार केले की
खाडाखोडीवर सही लागते.
मी केली. शाई ओली होती,
डाव्या तळहाताच्या कडेला लागली,
रोज लागते तिथेच.