विषय क्रमांक नऊ

मी लेखनिक. बोलायचं नाही, लिहायचं,
हे जूनच्या पहिल्या सभेत
अध्यक्ष रेव्हरंड शलमोन भोरे यांनी
प्रेमाने सांगितलं.
जत गावची ल्युथरन मिशन शाळा.
आधी प्रार्थना, मग हजेरी,
मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम.
सभासद अकरा, खुर्च्या नऊ.
दोघे येतच नाहीत, म्हणून पुरतात.

जुलैत पत्रे आले, सांगलीहून, तीस.
छपरावर अठ्ठावीस चढले.
उरलेले दोन कुठे गेले
यावर पाऊण तास आवाज चढले.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.
खजिनदार जीवनराव आवळ्यांच्या गोठ्यावर
हल्ली दुपारी काहीतरी लखलखतं,
ते इतिवृत्तात येत नाही.

मग ऑडिट.
पावत्या बुटाच्या खोक्यात, तेरा वर्षांच्या.
ऑडिटर पोरसवदा. त्याने सहज विचारलं,
चर्चचं खातं वेगळं, शाळेचं वेगळं,
असं असतं ना?
सगळे वर पंख्याकडे बघू लागले.
पंखा बंद होता.

सप्टेंबरात टाकी. पाच हजार लिटर,
देणगीदारांची नावं लाल रंगात.
फीत कापली, फोटो झाला,
खिचडीवाल्या हौसाबाईने तोटी फिरवली,
कान लावला, आणि म्हणाली,
नीर बंदिल्ला.
तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी
भोरेसाहेब परिपाठात ती गोष्ट सांगतात,
जर्मनीतल्या एका भिक्षूची,
ज्याने चर्चच्या दारावर कागद ठोकला.
दरवर्षी सांगतात. पोरं ऐकतात,
मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात.
यंदा आठवीतली अंबिका मासाळ विसरली नाही.
हातोडी मिळाली नाही तिला.
तिने खिचडीच्या शितांनी
सभेच्या खोलीच्या नव्याकोऱ्या निळ्या दारावर
रेघी वहीचं पान डकवलं :

मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.
एक आत, एक बाहेर दार धरून. दोघींचा तास बुडतो.
सायन्सच्या बाई दिवाळीनंतर येणार म्हणता.
कोणत्या दिवाळीनंतर?
टाकीवर नावं आहेत, टाकीत पाणी नाही.
मीटिंगच्या दिवशी आमची खिचडी उशिरा होते
कारण हौसामावशी आधी तुमची भजी तळते.

नोव्हेंबरची सभा. विषय : शिस्तभंग.
पान काढताना रंग किती निघाला,
खर्च कुणाच्या माथी,
मेंढक्याची पोर, तिला कुणी शिकवलं हे.
मुख्याध्यापिका डोरकस लोंढे,
निवृत्तीला पाच महिने,
चष्मा पुसत म्हणाल्या :
गोष्ट आपणच सांगितली होती.

कुणीच काही बोलेना.
मी विचारलं, हे लिहू का?
वर्षभरातलं माझं तेवढंच वाक्य.
भोरेसाहेबांनी बराच वेळ घेतला.
लिहा, म्हणाले.

यल्लम्माच्या जत्रेच्या आठवड्यात,
पट निम्मा असताना, कडी बसली.
किंमत पंच्याऐंशी रुपये. ठराव सतरा. सर्वानुमते.
पंच्याऐंशी रुपयांसाठी इतके हात वर गेलेले
मी कधी पाहिले नव्हते.
त्या दिवशी भजी नव्हती. कुणी कारण विचारलं नाही.

फेब्रुवारीत मोठा विषय.
रस्त्याकडची सात गुंठे, तिथे गाळे,
बिल्डर विट्याचा, आगाऊ रक्कम तयार.
प्रथमच अकराही जण आले. दोघे उभे राहिले.
पाच बाजूने. पाच विरोधात.
निर्णायक मत अध्यक्षांचं.
ते खिडकीतून बाहेर बघत राहिले,
सात गुंठ्यांत मुली लंगडी खेळत होत्या,
धूळ उडत होती.
मग म्हणाले, पुढच्या सभेत बघू.
मार्चमध्ये गणपूर्ती झाली नाही.

एप्रिल. लोंढेबाईंना शाल, श्रीफळ,
भिंतीवरचं घड्याळ.
जाताना त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं,
घड्या पडलेलं, कोपऱ्यांना वाळकी शितं.
फाइलला लावायचं की नाही
यावर नियम नाही. मी लावलं.

दारावर अजून चार डाग आहेत,
निळ्यात पिवळसर, बोटाएवढे.
पेंटर दोनदा येऊन गेला.
विषय क्रमांक नऊ, दाराचा रंग :
स्थगित.