काटा

एसटीतून उतरले तर पाराजवळ पंचफुला म्हणाली,
"कावून वो बाई, वाळून काटा झाली!
पोरीनं उपाशी ठेवलं का जावयानं?"
मी हसले. तीन महिन्यांत सात किलो
कुठे सांडले, हे हिला कसं सांगावं?

सत्तावीस वर्षं मी अंगणवाडीत
झोळीच्या काट्याला लेकरं लटकवते.
शंभर ग्रॅम वाढले की आईच्या आधी मी हसते.
तक्त्यावरची रेघ लालातून हिरव्यात चढावी,
एवढंच माझं मागणं.
वजन म्हणजे चढणं.
दुसरी दिशा मला ठाऊकच नव्हती.

मग तृप्तीच्या बाळंतपणाला आइंडहोवनला निघाले.
नागपूरच्या विमानतळावर पहिला काटा:
तेवीसच्या वर पाव किलोही चालेना.
डिंकाचे लाडू काढले, ज्वारीचं पीठ ठेवलं.
बॅग तेवीस. मी एक्क्याऐंशी.
मला कोणी मोजलं नाही.

तिथे घरी येणारी नर्स, मारायके नाव तिचं,
सहा फूट उंच, सायकलवर यायची,
नातवाचं वजन करायची अगदी माझ्यासारखं,
जीभ दातांत धरून.
आठव्या दिवशी गमतीनं मीच चढले मोठ्या काट्यावर.
ती काहीतरी बोलली. तृप्तीनं त्याचं मराठी केलं,
पण अर्धंच. लेकच ती.
उरलेलं मी मारायकेच्या भुवयांत वाचलं.
मीही आयांना भुवयांनीच तर सांगत आले.

गावात ऐंशी म्हणजे बाईचं बरं चाललंय,
नवरा गेला तरी अंग उतरलं नाही,
पेन्शन वेळेवर येत असेल.

दुसऱ्या दिवसापासून कालव्याच्या काठानं चालले,
पातळावर जावयाचं जाकीट, पायात तृप्तीचे बूट.
आमच्या खारपाणपट्ट्यासारखाच सपाट मुलूख,
फक्त पाणी गोडं.
माणसं पळत होती, आणि कुणाकडे कोणी गेलेलं नव्हतं.
माझ्या दुप्पट एक बाई आखूड चड्डीत पळायची,
कोणी वळूनही बघेना.
मला तिची फार कीव आली.
आठवड्यानं हेवा वाटला.
तिथला पाव सरकी काढलेल्या कापसासारखा,
तो काही उतरेना घशाखाली;
अर्धी भाकर, ठेचा, आणि परत कालवा.

परतताना काउंटरवर म्हणून पाहिलं,
माझे सात कमी आहेत, ते बॅगेत धरा.
पोरगी हसली.
तीनशे ग्रॅमही सोडले नाहीत.

आता पहाटे दर्यापूर रोडनं चालते.
पहिल्या दिवशी तिघांनी गाडी थांबवली,
"बाई, कोनाकडं काही झालं का?"
चौथ्यानं नको नको म्हणताना मागं बसवलंच.

शनिवारी वजनं होती.
गुंफाची लेक साडेआठ, अजून पिवळ्यातच.
गुंफा स्वतः चाळीस असेल नसेल.
"बाई, तिकडं कमी कराले काय औषध देते?"
"काही नाही. चालायचं."
ती हसली, दातांवर मिसरीची काळी रेघ.
"मंग आमी जनमभर औषधच खाल्लं म्हना."

झोळीत लेकरू हलत होतं, काटा ठरेना.
मी पेन उघडून तशीच बसले.

सोमवारी पहाटे ती रस्त्यावरच भेटली,
डोक्यावर डबा, कमरेला इळा,
सहा किलोमीटरवर कोणाचं तरी शेत.
दोघी एकाच दिशेनं,
ती कामाले, मी वजनाले.
नाल्याच्या पुलाशी तिनं पाण्याची कॅन माझ्या हाती दिली.
"रिकाम्या हातानं नोका चालू बाई,
लोकं काय म्हनतीन."

पाच लिटरची कॅन.
मी मनातल्या मनात मोजली.