तिसरा दिवा

वसमतच्या मोंढ्यामागं, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
तीन दिवसांची कार्यशाळा.
भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, गुलाबी पहिल्याच सकाळी संपल्या,
मग सगळ्यांच्या कल्पना पिवळ्या.

मला बोलावलं ते वेल्डिंगपुरतं.
"मुंतजीबभाई, पत्रा तेवढा कापून द्या."
मी कोपऱ्यात स्टुलावर, चहा बशीत ओतून.

पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या,
चुका लवकर करा, स्वस्तात करा.
मला हसू आलं.
माझ्या उस्तादानं हेच शिकवलं होतं,
फक्त टपलीत मारून.

प्रश्न एवढाच:
हळद वाळली, हे यंत्राला कसं कळावं?
गयाबाई ढेंबरेला आणलं कुणीतरी,
बावीस वर्षं आडतीवर हळकुंडं मोडणारी.
तिनं एक कांडी कानाजवळ धरून मोडली.
टण्ण.
"ही झाली."
दुसरी.
टक.
"ही न्हाई झाली."
नांदेडच्या पोरांनी लॅपटॉप उघडले
आणि टण्ण ते टक हे अंतर
हर्ट्झमध्ये मोजायला बसली.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा.
आत नखाएवढा माइक, वर लाल दिवा, हिरवा दिवा.
ओल्या कांडीला हिरवा लागला.
वाळलेल्या कांडीला हिरवा लागला.
प्राची बोकारे शिंकली, तिलाही हिरवा.
गयाबाई वर बघून म्हणाली,
"माय, हे तर पंखा ऐकायलंय."

पंखा बंद केला. एप्रिल, दुपारचे दोन.
घामाची धार नाकावरून वहीवर,
तरी कुणी हलेना.
शेडात एवढी शांतता मी
जिनिंगचा पट्टा शेवटचा थांबला तेव्हाच ऐकली होती.

दुसरा नमुना बरा होता.
तिसरा जळाला. त्याविषयी बोलायचं नाही,
वायर मी उलटी जोडली होती.

"एका कांडीला काय इचारता?
एका माणसाला इचारून गाव कळतं का?
मूठभर टाका की परातीत."
मी परात ठोकली, तीन पाय जोडले, मनातून खूश.
तिनं बोटानं वाजवून पाहिली.
"हिला स्वतःचंच लई बोलायचंय."
मग घरून वाकळीचा तुकडा आणला, खाली घातला,
आणि माझी परात
पहिल्यांदा गप्प बसून ऐकायला लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मूठ अशी पडली
की लाल, हिरवा, लाल, हिरवा,
खोकं वेड्यासारखं करायला लागलं.
सुमेध म्हणाला, एरर आहे, मर्यादा बदलू.
प्राची म्हणाली, माइकच गेला असेल.
गयाबाईनं त्या मुठीतली एक कांडी उचलली,
मोडली नाही, नुसती बोटांत फिरवली.
"त्याचं काय बी चुकलं न्हाई.
ही अर्धी हाय. हिला उद्याचं ऊन लागतंय.
अजून एक दिवा लावा की."

पण प्रश्न तर हो की नाही असा होता.
पुण्याच्या बाई उठल्या,
भिंतीवरची मधली चिठ्ठी काढली,
घडी करून पर्समध्ये टाकली. बोलल्या काही नाहीत.

दिवा शोधायला गेलो तर दुकानं बंद, मंगळवार.
मी बाहेर जाऊन माझ्या स्प्लेंडरचा
मागचा उजवा इंडिकेटर खोलला.
खोक्यावर स्केचपेननं लिहिलं:
लाल, ओली. हिरवा, झाली.
पिवळ्याखाली काय लिहायचं यावर अर्धा तास भांडण.
गयाबाई म्हणाली, "उद्या. दुसरं काय?"

फॉर्मवर संशोधकांच्या रकान्यात
तिचं नाव चौथं आलं, माझं सहावं.
तिनं विचारलं, तीन दिवसांची हजेरी कोण देणार?
त्यावर मात्र कुणाकडं चिठ्ठी नव्हती.
मग बाईंनी पाकीट काढलं, ते बरं केलं.

रात्री झिरो फाट्यावर उजवीकडं वळताना
मी हात बाहेर काढला.
मागच्या ट्रकवाल्यानं शिवी हासडली.
हासडू दे.
त्याला काय ठाऊक,
माझं वळण तिकडं शेडात, परातीशेजारी,
लुकलुकायलंय.