दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये
एक पायरी आहे, कडा झिजलेली.
ती माझी.
जिना झाडणारी रत्नप्रभा तेवढी एक पुसून ठेवते.
कन्नमवार नगरात आम्हाला लिफ्ट नाही,
पुनर्विकासाची बैठक मात्र दर दिवाळीत होते.

कळ आली की आधी थांबायचं.
पिशवी खाली,
तीत बोंबील असोत नाहीतर विजेचं बिल.
मग बसायचं.
हे बसणंच मला जमत नव्हतं.
तेहतीस वर्षं आगारात बसच्या पोटाखाली उताणा पडलेला माणूस मी,
कामाच्या वेळी बसतो तो आळशी, एवढंच शिकलेला.
पहिली गोळी उभ्यानंच घेतली, वाण्याच्या दारात,
आणि डोळे उघडले ते तूरडाळीच्या पोत्यावर.
वाणी म्हणाला, काका, असं करून उधारी मिळत नाही.

गोळी जिभेखाली.
गिळायची नाही, चघळायची नाही.
तोंडाला कोरड असेल तर आधी एक घोट पाणी.
जरा चुरचुरते,
मग कानशिलं तापतात, डोकं ठणकू लागतं,
जणू कुणी आतून पत्रा ठोकतंय.
घाबरायचं नाही. पत्रा ठोकणं मला नवं नाही.

आणि घड्याळ.
पाच मिनिटं किती लांब असतात
ते पायरीवर बसल्याशिवाय कळत नाही.
फुलझेलेंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या,
भंगारवाल्याची एक फेरी,
दुसऱ्या मजल्यावरचा निषाद पाढे म्हणतो,
सतरा साते पाशी येऊन अडतो, मागे जातो, पुन्हा अडतो.
ओसरली, तरी लगेच उठायचं नाही.
नाही ओसरली, तर एकशे आठ.
रिक्षा नाही, जावयाची स्कूटर नाही,
‘जरा पडतो, बरं वाटेल’ नाही.

बाटली काचेची, तपकिरी.
मी शहाणपणानं गोळ्या हेमलताच्या टिकल्यांच्या डबीत भरल्या होत्या,
खिशात बरी बसते म्हणून.
डॉक्टर पिंगे बाईंनी डबी उघडली, हुंगली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी नव्या पोरानं भलता नट आवळला की पाहायचो.
आता बाटलीवर नेलपॉलिशनं तारीख आहे,
उघडल्या दिवसाची. गुलाबी.

पण खरी गोष्ट त्याच दिवशीची.
बाई म्हणाल्या, आणखी काही घेता?
ती दुसरी गोळी? निळी?
खोलीत हेमलता होती, लेक होती,
भिंतीवर लाल-निळं प्लास्टिकचं हृदय होतं.
मी म्हणालो, छे.

हेमलता म्हणाली, घेतात.
महिन्या दोन महिन्यांतून. भांडुपहून आणतात,
इथला मेडिकलवाला ओळखीचा म्हणून.

लेकीनं फोन काढला, त्यात काहीच नव्हतं.
बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं
आणि सांगितलं, ही आणि ती एका अंगात नको,
प्रेशर असं पडेल की वर येणार नाही.
ती घेतलेली असेल आणि कळ आली
तर ही घ्यायची नाही, थेट एकशे आठ,
आणि येणाऱ्याला पहिलं वाक्य तेच सांगायचं.

प्रेशर मला कळतं.
टाकीतली हवा गेली की बसचे ब्रेक आपोआप लागतात,
भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.
फक्त बस पुन्हा भरता येते.

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही.
मग तिनं कपाटातली पाकीटं काढली,
माझ्या जुन्या खाकी पँटच्या घडीतून, न शोधता.
किती दिवस माहीत होतं, मी विचारलं नाही.
ती म्हणाली, आठ उरल्यात, फुकट गेले पैसे,
आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि मला हसावं की नाही ते ठरवता आलं नाही.

आता पिशवी पायरीवर टेकल्याचा आवाज
तिला तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो.
खाली येते, एक पायरी सोडून बसते,
मनगट वळवून काटा बघते.
माझा हात धरत नाही. पिशवीत डोकावते.
म्हणते, बोंबील नरम पडलेत.
खाली निषाद पुन्हा सतरा सातेवर.
ती इथूनच ओरडते, एकशे एकोणीस रे!