चार किलोला एक

दहावीपर्यंत काटकोन होता तो.
अकरावीत राइट अँगल झाला,
आणि मी वर्षभर त्याच्याकडे
लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणीसारखी बघत राहिले.
ओळख आहे, पण बोलायचं काय?

उद्या साडेदहाला पेपर.
घरात पाहुणे, म्हणून तासगावबाहेर, शेडमध्ये,
क्रेट उपडं घालून बसलेय.
डोक्यावर थरावर थर द्राक्षं वाळतायत.
डिपिंग ऑइलचा वास वहीला लागलाय,
मगदूम सर नाव न बघता पेपर ओळखतील.

साइन म्हणजे ऑपोझिट भागिले हायपोटेनस.
ऑपोझिट कुणाच्या, हे विचारायचं
धाडस जुलैत झालं नाही,
ते आज शमीमला फोनवर विचारलं.
ती हसली नाही. म्हणाली, तू कोनात उभी राहा,
मग बघ समोर काय दिसतंय.
उभी राहिले.
समोर मालनमावशी, टॉवेल बांधून जाळी झाडत.
शेजारी आई, वजनकाट्याला टेकून पेंगत.
कर्ण काही दिसेना.
घरचा रस्ता असेल. सगळ्यात लांब तोच.

मावशी म्हणाली, काय पाठ करतीस गं मघापासनं?
फंक्शन. एक घातलं की एक निघतं.
"मग हितं काय निराळं हाय?
चार किलो घाल, एक किलो काढ."
मी घाईनं वहीत लिहून घेतलं.
पुढचा प्रश्न : इन्व्हर्स आहे का? कारण द्या.
मावशी, बेदाण्याचं परत द्राक्ष होतं?
"पाण्यात टाकलं तर फुगतंय की.
पर त्ये द्राक्ष न्हवं."
पाच मार्कांचं उत्तर होतं.
इंग्रजीत कसं लिहायचं, तेवढं राहिलं.

लाइट गेली. आली. परत गेली.
मोबाइलच्या उजेडात लिमिट.
मालक रोज मूठभर दाबून बघतो,
चिकटला तर कच्चा, खडखडला तर गेला.
ओलावा शून्याकडं न्यायचा,
शून्य होऊ द्यायचा नाही.
पुस्तकात त्याला एक बाण आहे.

सोळावं गणित सुटलं नाही.
साडेअकराला आई म्हणाली, बास आता.
स्कूटीवर तिघी, मधे मी, पोटाशी वही.
कॉस साठ, एक छेद दोन.
कॉस साठ, एक छेद दोन.
ओढ्याजवळच्या खड्ड्यात साइन झालं.
परत पहिल्यापासून.