तिसरी टक

पहिला पंप मीच फोडला.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर सुलक्षा सांगेलच.

मागच्या अंगणात गाडी चार लोखंडी घोड्यांवर,
चाकं माडाच्या बुंध्याला टेकवलेली.
गिअरबॉक्स उतरवायला विहिरीची कप्पी काढून
आंब्याच्या फांदीला बांधली.
आठ दिवस घरात नळाचं पाणी,
तेही संध्याकाळी, तेही करंगळीएवढं.

जुन्या तेलाला वास
काजूबिया जास्त भाजल्याचा.
पंप म्हणजे काय, तर दोन दातेरी चकत्या,
एकीच्या पोटात दुसरी.
तेवढ्यासाठी अख्खी गाडी सोलायची
फणसासारखी.
फणसाला निदान हाताला तेल लावता येतं,
इथे तेलच चीक.

डिचोलीच्या खाणीवर एकोणीस वर्षं
टिपरांचे गिअरबॉक्स उघडत होतो.
खाण बंद पडली, हात चालूच राहिले,
म्हणून गेल्या रविवारी घाई केली.
कन्व्हर्टर पुरता बसला नव्हता.
म्हटलं, बोल्ट आवळले की येईल ओढून.
आत काहीतरी चणे फुटल्यासारखं वाजलं.
मी थांबलो नाही.
अजून एक पिळा दिला.

दुसरा पंप बेळगावच्या बसमधून आला,
ड्रायव्हरच्या सीटखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पैसे सुलक्षाच्या भिशीचे.
तिने ते माझ्यासमोर मोजले,
मग परत मोजले.

आज कन्व्हर्टर मांडीवर घेऊन बसलो.
ढकल, फिरव. टक.
ढकल, फिरव. टक.
तिसरी येईना.
नारळ पाडायला आलेला कायतान कोयता कमरेला लावून
उभाच राहिला. मदत म्हणून नव्हे.
दुपार झाली. मला पाना हवाहवासा वाटू लागला,
एकच पिळा, एकच.

सुलक्षा कोकमांचं सूप खाली ठेवून आली.
"सर," म्हणाली.
हात पदराला पुसले, तो जडशीळ गोळा
दोन्ही तळव्यांत धरला
आणि जोर न लावता नुसता हलवत राहिली,
कुलपात किल्ली चाचपावी तसा.

टक.

कायतान माडावर चढायला गेला.
मी पट्टी लावली: कडेपासून अठरा मिलिमीटर आत.
मग परत लावली.
बोल्ट बोटांनीच फिरवले, सगळे, शेवटपर्यंत.

तेल अजून भरायचंय. गाडी हलेल की नाही
कुणास ठाऊक.
"आधी कप्पी विहिरीवर लाव,"
सूप उचलता उचलता ती म्हणाली.